बारा जणींतल्या त्याच चौघी

वन्संना राग यायला फार वेळ लागत नाही, हे त्या धुलाईघरात सगळ्यांना ठाऊक होतं. चादरीची घडी बोटभर तिरकी झाली तरी त्या ती उलगडून समोर टाकायच्या आणि विचारायच्या, "ही घडी आहे की बोचकं?" अशा चुका काढण्यामुळेच त्यांना वन्सं हे नाव पडलं होतं. तशा त्या तिथल्या कुणाच्याच नणंद नव्हत्या. वय बावन्न, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, आणि एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात चादरी, गाऊन, पडदे धुण्यात गेलेली एकोणीस वर्षं.

तळघरात तीन खोल्या होत्या. पहिलीत वॉर्डांतून मळके कपडे यायचे. रक्ताने, ओकारीने आणि त्याहून वाईट गोष्टींनी भरलेले ते कपडे हाताने वेगळे करावे लागत. बायका तिला मळखोली म्हणत. तिला खिडकी नव्हती. हवा बाहेर फेकणारा पंखा होता, पण तो फिरण्यापेक्षा कण्हायचाच जास्त. दुसरीत धुण्याची यंत्रं, तिसरीत इस्त्री आणि घड्या. उन्हाळ्यात इस्त्रीखोलीत अंग भाजून निघायचं, तरी तिच्याबद्दल कुणी कुरकुर करत नसे. मळखोली पाहिलेल्याला बाकी दोन्ही खोल्या माहेरासारख्या वाटत.

बायका बारा. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला चिठ्ठ्या टाकून चार-चारचे तीन गट पाडायचे, असा जुना नियम. जुना मुकादम सगळ्यांसमोर एका बादलीत बारा चिठ्ठ्या टाकायचा आणि जिचा हात ओला नसेल तिला उचलायला सांगायचा. तो निवृत्त झाला, नवा आला. नव्याने पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "चिठ्ठ्या मी केबिनमध्ये काढीन. तुमचा वेळ वाचेल." आपला वेळ वाचवायला इतका आतुर झालेला माणूस बायकांनी आजवर पाहिला नव्हता.

त्याच महिन्यात चार जणींनी एक अर्ज लिहिला. मळखोलीतले हातमोजे इतके पातळ होते की नखानेही फाटत. जाड मोजे द्या, एवढीच मागणी. अर्ज मुकादमाला वगळून थेट वरच्या ऑफिसात गेला. वन्संकडेही तो सहीला आला होता. "बघू नंतर," म्हणून त्यांनी तो परत केला. मोज्यांबद्दल त्यांचं दुमत नव्हतं, पण नव्या माणसाशी पहिल्याच महिन्यात वाकडं कशाला घ्या, असा पोक्त विचार त्यांनी केला. त्या पोक्तपणाची त्यांना पुढे फार लाज वाटली.

पहिल्या तारखेला त्या चौघींचं नाव मळखोलीत लागलं. त्याच्या पुढच्या महिन्यातही लागलं, आणि त्याच्याही पुढच्या. बाकीच्या आठ जणी दर महिन्याला फळ्यासमोर उभ्या राहायच्या, आपलं नाव दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या खोलीत दिसलं की सुटकेचा श्वास टाकायच्या आणि खाली मान घालून कामाला लागायच्या. वन्संही तेच करायच्या. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. इथे तर आपलं जळत नाही याचाच आनंद होता.

चौथ्या महिन्यात चिमणीला सुई टोचली.

चिमणी त्या चौघींतली सगळ्यात लहान. अंगाने काडी आणि जीभ एक मिनिट गप्प नाही, म्हणून चिमणी. त्या दिवशी चादरींचा गठ्ठा उपसताना कुणीतरी वॉर्डात निष्काळजीपणे गुंडाळून टाकलेली वापरलेली सुई तिच्या मोज्यातून आरपार गेली. ती ओरडली नाही, मोजा काढून बोटाकडे बघत राहिली. शेजारणीने तिला वर डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, रक्त घेतलं आणि सांगितलं की सहा महिने पुन्हा पुन्हा तपासावं लागेल, त्याआधी नक्की काही सांगता येणार नाही. चिमणीला दोन वर्षांची मुलगी होती. खाली येऊन तिने पहिला प्रश्न केला, "मग मी तिचा पापा घेऊ की नको?" शेजारीण पुन्हा वर जाऊन विचारून आली. डॉक्टरांनी घ्यायला हरकत नाही म्हणून सांगितलं, पण चिमणीने तो महिनाभर मुलीला नुसतं कडेवर घेतलं.

मुकादम चहाचा कप हातात घेऊन मळखोलीच्या दारात उभा होता. आत नाही, दारात. म्हणाला, "काय करणार, नशीब एकेकीचं. चिठ्ठीत नाव निघालं, त्याला मी काय करू?"

वन्सं यंत्रातून पिळलेल्या चादरी काढत होत्या. 'नशीब' हा शब्द कानावर पडला आणि त्यांच्या हातातली चादर तशीच राहिली.

या शब्दाशी त्यांची जुनी ओळख होती. अकरावीत असताना गणितात त्या वर्गात पहिल्या होत्या. इतक्यांतून इतके निवडायचे तर किती तऱ्हांनी निवडता येतील, हे प्रकरण बाई शिकवत होत्या, आणि अर्धा वर्ग डोकं धरून बसला असताना ही मुलगी फळ्यापाशी जाऊन उत्तर लिहून यायची. त्या वर्षी वडिलांनी शाळा सोडवली. धाकट्या भावाला पुढे शिकवायचं होतं आणि दोघांचं झेपणार नव्हतं. भाऊ गणितात दोनदा नापास झाला. दोन्ही वेळा त्याची फी भरली गेली. आणि आई हिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली होती, "नशीब हो बाळा, एकेकीचं." पस्तीस वर्षांनी तेच दोन शब्द या चहा पिणाऱ्या माणसाच्या तोंडून आले.

डब्याच्या सुट्टीत वन्सं फळ्यापाशी गेल्या. मुकादम आळशी होता. जुनी यादी काढायची नाही, तिच्यावरच नवी टोचायची. वन्संनी एकेक कागद वर उचलला. मळखोलीखाली चारही महिने तीच चार नावं होती. एकदा नुसता त्यांचा क्रम बदलला होता, तेवढीच काय ती मेहनत.

रविवारी दुपारी त्यांनी दोरीवरचे बारा चिमटे काढून स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडले. नवरा बस चालवायचा, रविवारी त्याला सुट्टी असे. तो समोर पेपर वाचत होता.

"चिमटे का काढलेस? माझा शर्ट उडून जाईल."

"जाऊ दे. इकडे बघा. या बारा बायका. यांतल्या चार मळखोलीत पाठवायच्या. किती तऱ्हांनी पाठवता येतील?"

"तीन गट आहेत ना? मग तीन तऱ्हांनी."

"बस चालवता तेच बरंय," वन्सं म्हणाल्या. "पहिली बाई उचलायची तर बारांतली कुठलीही. ती गेली, उरल्या अकरा. मग दहा, मग नऊ. बारा गुणिले अकरा गुणिले दहा गुणिले नऊ. अकरा हजार आठशे ऐंशी."

"बापरे!"

"थांबा, एवढ्या नाहीत. आधी चिमणी उचलली आणि मग तिची शेजारीण, किंवा आधी शेजारीण आणि मग चिमणी, खोलीत गेल्यावर चौघी त्याच ना? चार जणींना मागेपुढे करायच्या चोवीस तऱ्हा होतात. म्हणजे एकच चौकडी आपण चोवीस वेळा मोजली. म्हणून चोवीसने भागायचं." पेन्सिल फिरली. "चारशे पंच्याण्णव. बारा जणींतून चारशे पंच्याण्णव वेगवेगळ्या चौकड्या निघतात."

नवऱ्याने पेपर खाली ठेवला. "आणि तुमच्याकडे?"

"आमच्याकडे एकच निघते. चारही वेळा."

मग त्यांनी पुढचं मांडलं. पहिल्या महिन्यात कुठलीतरी चौकडी निघणारच, ती सोडून देऊ. दुसऱ्या महिन्यात नेमकी तीच निघायची शक्यता चारशे पंच्याण्णवांत एक. तिसऱ्या महिन्यातही तीच, म्हणजे चारशे पंच्याण्णव गुणिले चारशे पंच्याण्णव. चौथ्यात पुन्हा तीच, म्हणजे परत एकदा गुणायचं. गुणाकार कागदाच्या काठापर्यंत गेला. बारा कोटी बारा लाख सत्त्याऐंशी हजार तीनशे पंच्याहत्तर. एवढ्यांत एकदा.

"हे नशीब म्हणे!" वन्संनी चिमटे असे आपटले की एकाची स्प्रिंग उडून चुलीखाली गेली. "बारा कोटींत एकदा येणारं नशीब, आणि ते नेमकं मोजे मागणाऱ्या चौघींनाच सापडलं!"

"खरंय," नवरा म्हणाला. मग जरा वेळाने, "पण तुझं नाव नव्हतं ना त्यात. कशाला नसती उठाठेव? निवृत्तीला सहा वर्षं राहिली."

"माझं नाव नव्हतं म्हणूनच चार महिने मला दिसलं नाही," त्या म्हणाल्या.

सोमवारी त्या वरच्या ऑफिसात गेल्या. चौघी सोबत येणार होत्या, पण वन्संनी नको म्हटलं. "तुम्ही आलात की म्हणतील, रडतायत. मी मळखोलीत नाही. मला रडायचं कारण नाही."

प्रशासनाचे साहेब चाळिशीचे, गुळगुळीत दाढीचे. त्यांच्या टेबलावर काचेचा पेला आणि त्यावर झाकण. मुकादमालाही बोलावलेलं होतं, तो भिंतीपाशी उभा राहिला. वन्संनी चार याद्यांची नक्कल आणि आपला कागद समोर ठेवला.

साहेबांनी कागद वाचला. त्यांचं शिक्षण झालेलं होतं, हे लगेच कळलं, कारण त्यांनी आकड्यावर वाद घातला नाही. ते हसून म्हणाले, "बाई, गणित बरोबर आहे. पण एक गंमत सांगतो. कुठलीही चौकडी निघायची शक्यता चारशे पंच्याण्णवांत एकच असते. दुसरी निघाली असती तरी तीही तेवढीच दुर्मीळ. मग हिच्यावरच संशय का?"

खाली बायकांनी ऐकलं असतं तर गप्प बसल्या असत्या. साहेबांनाही तेच अपेक्षित होतं. वन्संना मात्र पस्तीस वर्षांनी कुणीतरी फळ्यापाशी बोलावल्यासारखं वाटलं.

"म्हणून तर पहिला महिना मी धरला नाही, साहेब. कागद नीट बघा. पहिल्यांदा कुठलीही निघू दे, माझं काही म्हणणं नाही. पण एकदा निघालेली तीच पुन्हा, आणि पुन्हा, आणि पुन्हा? तुमच्या घरी कुणी पहिल्यांदा आलं तर तो पाहुणा. तोच माणूस रोज त्याच वेळी खिडकीशी दिसला तर तुम्ही काय म्हणाल, दुर्मीळ योग?"

साहेब हसले नाहीत. त्यांनी मुकादमाकडे पाहिलं. मुकादम घाईने म्हणाला, "साहेब, मी गट बदललेत. बाकीच्या आठ जणी दर महिन्याला इकडच्या तिकडे केल्यात. आणि नियमात स्पष्ट लिहिलंय, तिन्ही गट समान. काम एकच, पगार एकच. कुठल्या खोलीत कोण, याला महत्त्व नाही."

"हो," साहेबांनी धागा पकडला. "कागदोपत्री गट समानच आहेत."

आता मात्र वन्संचा आवाज चढला. "समान? बरं. मग तेही मोजू. बारा जणींचे तीन खोल्यांत चार-चारचे गट पाडायच्या तऱ्हा होतात चौतीस हजार सहाशे पन्नास. खोल्या खरंच सारख्या असतील, तर कुठला गट कुठे गेला याने फरक पडत नाही, मग तीन गटांच्या अदलाबदलीच्या सहाही तऱ्हा एकच, म्हणून या आकड्याला सहाने भागायचं. पाच हजार सातशे पंच्याहत्तर राहतात. पुस्तकात असंच आहे. भागू का सहाने? तुम्ही म्हणाल तर भागते! पण त्याआधी साहेब, तुमची खुर्ची एक आठवडा मळखोलीत ठेवा. तिथे बसून चहा प्या. आणि हे मुकादम, चार महिन्यांत उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलेलं नाही यांनी, यांनाही शेजारी बसवा. आठवड्यानंतर दोघांनी सांगा खोल्या सारख्या आहेत म्हणून, मी गुपचूप सहाने भागीन आणि कामाला जाईन."

बाहेरच्या टेबलावरचा कारकून टाइप करायचा थांबला होता.

"आवाज खाली," साहेब म्हणाले.

"चिमणीने आवाज खालीच ठेवला होता. तिने अर्ज लिहिला होता, चांगल्या अक्षरात. तो कुठे आहे?"

अर्ज साहेबांच्या ड्रॉवरमध्येच निघाला. त्यावर कुणाची सही नव्हती, शेरा नव्हता, नुसती चहाच्या पेल्याची गोल खूण होती. साहेबांनी तो बाहेर काढला आणि खूण झाकली जाईल असा हात त्यावर ठेवला. वन्संना ती दिसायची ती दिसलीच.

निकाल लागायला पंधरा दिवस गेले. मुकादमाची बदली झाली. ती शिक्षा असेल असं समजून बायका खूश झाल्या, पण तो भांडारात गेला, तोच पगार, वर पंख्याखालची खुर्ची. "चोराला शिक्षा म्हणून सावकाराच्या घरी पाठवला," वन्सं म्हणाल्या. जाड मोजे आले. खोक्यावर खरेदीची तारीख होती. मोजे अर्ज गेला त्याच्या आधीपासून इस्पितळातच होते, फक्त खाली उतरवले नव्हते. ती तारीख वाचून वन्संनी खोकं जमिनीवर ठेवलं आणि काही वेळ हात मागे बांधून उभ्या राहिल्या, कारण हात मोकळे राहिले असते तर काय झालं असतं याची त्यांना खात्री नव्हती.

चिठ्ठ्या पुन्हा सगळ्यांसमोर निघू लागल्या. पहिल्याच उघड चिठ्ठीत मळखोलीत पहिलं नाव वन्संचं निघालं. चिमणी पुढे होऊन म्हणाली, "वन्सं, मी जाते तुमच्याऐवजी. मला सवय आहे."

"खबरदार! ही चिठ्ठी खरी आहे," वन्सं म्हणाल्या आणि मोजे चढवून आत गेल्या. तो महिना त्यांना डबा गोड लागला नाही. वासाने डोकं दुखायचं, पाठ भरून यायची, आणि दर गठ्ठा उलगडताना बोटं आधीच आखडायची. या चौघींनी हे चार महिने पातळ मोज्यांनी केलं, आणि आपण पलीकडे घड्या मोजत होतो, हे त्यांच्या मनातून जाईना. त्यांनी त्या चौघींना एकेकीला गाठून सांगितलं, "मी सही केली नाही, चुकले." तिघी म्हणाल्या, जाऊ द्या हो. चौथी म्हणाली, "हो, चुकलात." तिचं बोलणं वन्संना जास्त बरं वाटलं.

गोष्ट वरच्या मजल्यांवर पसरली. एके दिवशी वॉर्डातल्या दोन आया डब्याच्या वेळी तळघरात आल्या. एकमेकींशी बोलत नसल्याने दोघी वेगवेगळ्या जिन्यांनी आल्या, आणि तक्रार मात्र एकच. सहा आयांच्या दर महिन्याला तीन जोड्या पाडतात, आणि सिस्टर मुद्दाम आम्हा दोघींनाच एकत्र घालते. "वर्षात तीन वेळा! मोजून द्या आम्हालाही, म्हणजे तिचीही बदली होईल."

वन्संनी त्यांना बसवून विचारलं, "तीन जोड्यांचं काम सारखंच असतं का? एखादी जोडी वाईट जागी जाते का?"

"नाही, तिन्ही वॉर्ड सारखेच आहेत."

"मग इथे खरोखर सहाने भागता येतं, नव्वद भागिले सहा." त्यांनी कागदावर सगळ्या तऱ्हा लिहून काढल्या. पंधरा झाल्या. त्यांतल्या तीन तऱ्हांमध्ये या दोघी एकत्र होत्या. "पंधरांत तीन, म्हणजे पाचांत एकदा. वर्षाचे बारा महिने. दोन-तीन वेळा तुम्ही एकत्र येणारच. सिस्टरने काही केलेलं नाही."

"पण आम्हाला त्रास होतो!" एक आया म्हणाली.

"होत असेल. पण हा अन्याय नाही, हे भांडण आहे. ते तुमचं तुम्ही मिटवा."

"म्हणजे तुम्ही सिस्टरच्या बाजूच्या!"

"मोजणी काय माझी बहीण आहे, माझी बाजू घ्यायला?" वन्सं खवळल्या. "खरं खोटं कळावं म्हणून मोजायचं, आपल्याला हवं ते मिळावं म्हणून नाही!"

दोघी फणकाऱ्याने उठल्या. रागाच्या भरात एकाच जिन्याने गेल्या, आणि वर पोचेपर्यंत दोघी मिळून वन्संना नावं ठेवत होत्या, असं चिमणीने येऊन सांगितलं.

सहा महिन्यांनी चिमणीची शेवटची तपासणी झाली. रक्तात काही निघालं नाही. ती कागद नाचवत जिना उतरली, आणि त्या दिवशी इस्त्रीखोलीत घड्या कुणाच्याच सरळ झाल्या नाहीत. वन्संनीही कुणाला टोकलं नाही.

पण संध्याकाळी निघताना त्या चिमणीला म्हणाल्या, "बस. एक अर्ज लिहायचाय."

"आता कशाला? मोजे मिळाले, तो गेला, मी बरी आहे."

"तुझे सहा महिने कुठे गेले? मुलीला जवळ घ्यायला घाबरलीस ते कुणी भरून देणार? अजून एका माणसाने तुला 'आमचं चुकलं' म्हटलेलं नाही. साहेबांनी नाही, मुकादमाने नाही. ज्या वॉर्डातून सुई आली त्यांनीही नाही."

त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, तीनच ओळी. इस्पितळाने या कर्मचारी बाईंना झालेल्या त्रासाबद्दल लेखी दिलगिरी व्यक्त करावी. खाली या वेळी बारा सह्या होत्या. पहिली वन्संची.

उत्तर आलं नाही. पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला, चिठ्ठ्या निघाल्यावर, त्यांनी दुसरा अर्ज लिहिला, मग तिसरा. कारकून आता त्यांना जिन्यात बघूनच पोचपावतीचा शिक्का काढून ठेवतो. नवरा विचारतो, "किती दिवस लिहिणार?"

"निवृत्तीला साडेपाच वर्षं आहेत," वन्सं म्हणतात. "सहासष्ट महिने. सहासष्ट अर्ज होतात."